‘सी चेंज’मधला ‘सी’ कोणता?

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच फजितीपासून. पहिल्या नोकरीसाठी मी इंग्रजीत अर्ज लिहिला होता. कॉलेजातल्या एका प्रोजेक्टमुळे माझ्यात ‘सी चेंज’ झाला, असं वाक्य ऐटीत टाकलं. स्पेलिंग केलं एस-ई-ई, म्हणजे बघणं. बदल डोळ्यांना दिसतो, म्हणून ‘सी’, असं माझं लॉजिक! मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला होता. नोकरी काही मिळाली नाही, शब्द मात्र कायमचा लक्षात राहिला.

खरा ‘सी’ एस-ई-ए, म्हणजे समुद्र. आणि तो थेट शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकातला. १६०९ साली व्हर्जिनियाला निघालेलं ‘सी व्हेंचर’ हे इंग्रजी जहाज वादळात सापडलं आणि बर्म्युडाच्या खडकांत अडकलं. माणसं वाचली, त्यांची हकीकत लंडनला पोचली. नाटकाला तिथूनच खाद्य मिळालं, असं बरेच अभ्यासक मानतात. १६११ मध्ये राजदरबारात त्याचा प्रयोग झाला. छापलं गेलं मात्र १६२३ मध्ये, शेक्सपिअर गेल्यावर सात वर्षांनी.

नाटकात एरियल नावाचा अदृश्य जीव राजपुत्र फर्डिनांडला गाण्यातून सांगतो, की तुझा बाप समुद्रतळाशी आहे आणि त्याच्या हाडांची पोवळी झालीत. समुद्राने घडवलेला हा बदल म्हणजे ‘सी चेंज’. गंमत बघा, बातमीच खोटी! बाप जिवंत असतो.

पुढे हा शब्द राजकारणातही शिरला. १९७९ च्या निवडणुकीच्या वेळी ब्रिटनचे पंतप्रधान जेम्स कॅलहॅन आपल्या सल्लागाराला म्हणाले, की साधारण तीस वर्षांनी राजकारणात असा ‘सी चेंज’ येतो. मग आपण काय बोलतो, काय करतो, याला महत्त्व उरत नाही. मे महिन्यात ते हरले, मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या.

मग हा शब्द वापरायचा कुठे? हाड तेच राहिलं आणि वरचा रंग बदलला, तर तो साधा बदल. हाडाचंच पोवळं झालं, तर ‘सी चेंज’. ऑफिसची वेळ दहाची साडेनऊ झाली, तिथे तो नको. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहेच: कायापालट. आधी मनात ‘कायापालट’ बसवून बघा. बसला, तरच ‘सी चेंज’ लिहा, आणि समुद्राचा लिहा.

आता कळतं, माझी खरी चूक स्पेलिंगची नव्हतीच. त्या प्रोजेक्टमध्ये मी फक्त एक्सेल शिकलो होतो!

चला, भेटू पुढच्या भागात.