स्तूप आधी, मूर्ती नंतर

विहारात मूर्ती हवीच का, असे आपली तरुण पोरं विचारतात. प्रश्न जुनाच आहे. अजिंठ्याचे १० नंबरचे लेणे इसवी सनापूर्वीचे. तिथल्या कारागिरांनी नुसता स्तूप कोरला. सांचीतही बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा यांवरच भागवले. पुढे मथुरा-गांधारात मूर्ती घडली नि तो दंडक मोडला. पण जुने फेकून दिले नाही बरं! पाचव्या शतकातल्या १९ नंबरच्या लेण्यात त्याच स्तूपावर तथागत उभे केले. छताच्या फासळ्या मुळात लाकूडकामातल्या. त्याही दगडात तशाच ठेवल्या. कार्ल्याला मात्र जुन्या दर्शनी भिंतीवरच्या स्त्री-पुरुष जोड्यांशेजारी नंतरच्यांनी बुद्धमूर्ती कोरल्या, हे आम्हांला जरा दांडगाईचे वाटते. आणि १० नंबरच्या त्या मूर्तीविना लेण्यातही नंतरच्या चित्रकारांनी खांबांवर बुद्ध रंगवलेच.