न दिसणाऱ्या तळाचे चित्र

हवाई बेटे आणि मेक्सिको यांच्यामधील प्रशांत महासागराच्या तळाशी, चार ते साडेपाच हजार मीटर खोलीवर, बटाट्याएवढे काळपट गोटे चिखलात अर्धवट रुतून पडलेले आहेत. मँगॅनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट यांनी ते समृद्ध आहेत. दहा लाख वर्षांत असा गोटा जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. ब्रिटनच्या 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या सफरीत असे गोटे प्रथम वर काढले. हिंदी महासागरातही ते आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'गवेषणी' जहाजावरून २६ जानेवारी १९८१ रोजी ते मिळवले, आणि मध्य हिंदी महासागरातील ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात त्यांच्या शोधाचा हक्क आज भारताकडे आहे.

बॅटऱ्यांसाठी हे धातू हवे आहेत. मात्र १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या समुद्रतळावर प्रयोगादाखल नांगर फिरवला, त्याचे चर २६ वर्षांनंतरही जसेच्या तसे दिसत होते. शिवाय २०१६ मध्ये हवाईजवळ प्रथम आढळलेल्या, भुतासारख्या पांढऱ्या ऑक्टोपसचे कूळ ज्या मृत स्पंजांच्या देठांवर अंडी घालते, ते देठ या गोट्यांनाच चिकटलेले असतात. गोटा उचलला की पाळणाही गेला.

तुटलेले जंगल चित्रकाराला जाऊन पाहता येते. येथे ती सोय नाही. तळाची दृश्ये येतात ती शास्त्रज्ञांच्या वा कंपन्यांच्या यंत्रांतून. कलावंतांपुढची खरी अडचण ही आहे. तिच्यावरचा एक जुना मार्ग मेरी थार्प या भूवैज्ञानिक विदुषीने दाखवला. त्या काळी संशोधन जहाजांवर स्त्रियांना मज्जाव होता. तिने आणि ब्रूस हीझन यांनी खोलीच्या नोंदींवरून सागरतळाची रचना उलगडली आणि ऑस्ट्रियाचे चित्रकार हाइनरिख बेरान यांनी ती १९७७ च्या नकाशात रंगवली.

आर्मिन लिंके या छायाचित्रकाराने वेगळी वाट धरली. २०१८ मध्ये व्हेनिसला मांडलेल्या 'प्रॉस्पेक्टिंग ओशन' या प्रदर्शनात त्याने मासे वा प्रवाळ यांच्यापेक्षा प्रयोगशाळा आणि जमैकातील किंग्स्टन येथील आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाची सभागृहे दाखवली. उत्खननाचे नियम तेथेच ठरायचे आहेत. व्यापारी उत्खनन अद्याप सुरू झालेले नाही, म्हणून या रुक्ष दृश्यांना महत्त्व. चकाकणाऱ्या सागरी जीवांची मोहक छायाचित्रे पाहून प्रेक्षक हळहळतो खरा, पण निर्णय कोण घेतो हे त्याला कळत नाही.

पापुआ न्यू गिनीच्या बोगनव्हिल बेटाची कन्या तलोई हाविनी हिला खाणकाम नवे नव्हते. तेथील पांगुना तांबेखाणीवरून पेटलेल्या संघर्षात १९८९ मध्ये खाण बंद पडली आणि पुढे बेट यादवी युद्धात होरपळले. त्याच देशाच्या बिस्मार्क समुद्रात २०११ मध्ये तळाच्या उत्खननाचा परवाना दिला गेला; कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत निघाली. हाविनी 'फाल्कोर' या संशोधन जहाजावरून प्रवासाला गेली. तळाचा नकाशा काढण्यासाठी जहाज पाण्यात ध्वनी सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपते. २०२१ मध्ये व्हेनिसच्या सान लोरेन्झो चर्चमध्ये तिने मांडलेली ध्वनिरचना म्हणजे त्या यंत्राच्या हाकेला तिच्या हाको समाजाच्या वाद्यांनी दिलेले उत्तर होते.