एका फोनवर चालणारे अॅप दुसऱ्या फोनवर का चालत नाही?

'हे अॅप तुमच्या फोनसाठी उपलब्ध नाही' असा संदेश मोबाइलवर येतो. लॅपटॉपवर 'डीएलएल फाइल सापडली नाही' असे दिसते. तुम्ही खापरमध्ये असा की पुण्यात, अडचण तीच. दोन्हींमागे बऱ्याचदा एकच कारण असते: सी भाषेतली लायब्ररी त्या मशीनशी जुळत नाही.

लायब्ररी म्हणजे काय?

अनेक प्रोग्रामना लागणारे, एकदाच लिहून ठेवलेले तयार काम म्हणजे लायब्ररी. सी भाषा डेनिस रिची यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये घडवली. फोनमधली माहिती साठवणारी एसक्यूलाइट आणि फाइल लहान करणारी झेडलिब या लायब्रऱ्या सीमध्येच लिहिलेल्या आहेत.

अडते कुठे?

सीमध्ये लिहिलेला कोड जवळपास कुठेही नेता येतो. पण त्यापासून तयार केलेली फाइल तशी नेता येत नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

• चिप: बहुतेक फोनमध्ये एआरएम, तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीची चिप असते. एकीसाठी बनवलेल्या सूचना दुसरीला कळत नाहीत. 32 बिट आणि 64 बिट हा फरक वेगळाच.

• ऑपरेटिंग सिस्टिम: विंडोजला डीएलएल, लिनक्स व अँड्रॉइडला एसओ, मॅकला डायलिब फाइल लागते. नाव बदलून भागत नाही, कारण आतली मांडणीच निराळी असते. शिवाय 'लाँग' हा आकडा 64 बिट विंडोजवर 4 बाइटचा, तर 64 बिट लिनक्सवर 8 बाइटचा असतो. हे लक्षात न घेतल्यास प्रोग्राम चालतो, पण उत्तर चुकू शकते.

• मूळ सी लायब्ररी: बहुतेक लिनक्सवर ग्लिबसी असते, अँड्रॉइडवर बायॉनिक. नव्या ग्लिबसीवर बनवलेली फाइल जुन्या सिस्टिमवर अनेकदा लोड होत नाही. जुन्यावर बनवलेली नव्यावर सहसा चालते. म्हणूनच अनेक डेव्हलपर मुद्दाम जुन्या सिस्टिमवर फाइल तयार करतात.

जुन्या फोनचे काय?

अशा लायब्रऱ्या वापरणाऱ्या अॅपना 64 बिट आवृत्ती देणे गूगल प्लेने 1 ऑगस्ट 2019 पासून बंधनकारक केले. 32 बिट आवृत्ती द्यायची की नाही, हे डेव्हलपर ठरवतो. त्याने ती वगळली, की जुना फोन चांगला चालत असूनही नवे अॅप मिळत नाही. काही स्वस्त फोनमध्ये चिप 64 बिट असते, पण सिस्टिम 32 बिट. तिथेही हेच होते. उलट 2022 मध्ये आलेल्या पिक्सेल 7 वर फक्त 64 बिट अॅप चालतात, त्यामुळे काही जुनी अॅप तिथे बसत नाहीत.

आपण काय करावे?

हरवलेली डीएलएल किंवा अॅपची फाइल अनोळखी साइटवरून किंवा ग्रुपवर आलेल्या लिंकवरून घेऊ नका. तिच्यात व्हायरस असू शकतो. लॅपटॉपवर तो प्रोग्राम अधिकृत साइटवरून पुन्हा इन्स्टॉल करा. फोनवर त्या सेवेची वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडून पाहा. बँकेचे किंवा सरकारी काम अनेकदा तिथेही होते आणि त्यासाठी नवा फोन घ्यावा लागत नाही.