बोट न लावता बटण कसे दाबले जाते? डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधला ‘कोडमधून क्लिक’

हिंजवडीचे आयटी पार्क बहुतेकांना पुणे शहराचाच भाग वाटते, पण हिंजवडी येते मुळशी तालुक्यात. अशा ठिकाणी सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांना एकच ‘सेव्ह’ बटण शेकडो वेळा दाबून पाहावे लागते. म्हणून हे काम कोडवर सोपवले जाते. माणसाने माऊस न हलवता प्रोग्रॅमनेच बटणाचा क्लिक घडवून आणणे, यालाच ‘कोडमधून क्लिक’ म्हणतात.

क्लिक म्हणजे नेमके काय?

माऊसचे बटण दाबून सोडले की ऑपरेटिंग सिस्टीम त्या विंडोला तसा संदेश पाठवते. स्क्रीनवरचे बटण तो संदेश ओळखते आणि ‘क्लिक’ हा इव्हेंट जाहीर करते. या इव्हेंटला प्रोग्रॅमरने जे काम जोडून ठेवलेले असते, ते मग सुरू होते. त्या कामाच्या कोडला इव्हेंट हँडलर म्हणतात.

तीन मार्ग

1. हँडलर थेट चालवणे: बटणाला वगळून त्यामागचे काम सुरू करायचे. हा सर्वांत सोपा मार्ग आहे, पण बटण त्या वेळी चालू होते की बंद, हे यात कोणी विचारत नाही.

2. बटणालाच ‘दाबले जा’ असे सांगणे: विंडोज फॉर्म्समध्ये यासाठी ‘परफॉर्मक्लिक’, जावा स्विंगमध्ये ‘डूक्लिक’, क्यूटीमध्ये ‘क्लिक’ आणि पायथनच्या टीकेइंटरमध्ये ‘इन्व्होक’ अशी सोय आहे. जुन्या व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये बटणाची ‘व्हॅल्यू’ ‘ट्रू’ केली तरी क्लिक होत असे. स्विंगचे बटण तर डोळ्यांना दिसावे म्हणून 68 मिलिसेकंद दाबलेलेच राहते.

3. दुसऱ्या प्रोग्रॅममधून दाबणे: विंडोजमध्ये बटणाला ‘बीएम क्लिक’ हा संदेश पाठवता येतो किंवा माऊस हलल्याचा आभास निर्माण करता येतो. यूआय ऑटोमेशनची सोयही आहे. दृष्टिहीनांसाठीचे स्क्रीन रीडर आणि चाचणीची साधने याच सोयीचा आधार घेतात.

फरक कुठे पडतो?

मुळशी भातासाठी ओळखला जातो. समजा, पौडमधल्या एका तांदूळ विक्रेत्याकडे बिलिंगचे सॉफ्टवेअर आहे. वजन भरेपर्यंत त्यातले ‘बिल करा’ बटण फिकट, म्हणजे बंद राहते.

कोडने हँडलर थेट चालवला, तर शून्य किलोचेही बिल निघेल, कारण राखण बटणावर होती, कामावर नव्हती.

‘परफॉर्मक्लिक’ वापरले तर उलटा प्रकार होतो. बटण बंद असेल किंवा दिसत नसेल, तर काहीच घडत नाही आणि चुकीचा संदेशही येत नाही. बटण न उघडलेल्या टॅबवर असले तरी हेच होते. चाचणी करणाऱ्याने फक्त ‘एरर आली का’ एवढेच पाहिले, तर न दाबलेले बटणही ‘पास’ ठरते. म्हणून बिल खरोखर तयार झाले का, हे तपासावे लागते. डब्ल्यूपीएफमध्ये ऑटोमेशनच्या मार्गाने बंद बटण दाबल्यास मात्र स्पष्ट एरर मिळते.

बारकोड स्कॅनरचेही असेच आहे. अनेक स्कॅनर आकड्यांनंतर ‘एंटर’ पाठवतात. विंडोज फॉर्म्समध्ये एखादे बटण ‘ॲक्सेप्ट बटण’ म्हणून नेमलेले असेल, तर त्या एंटरने तेच दाबले जाते. दुकानात कोणी माऊसला हात न लावता बिल पुढे सरकते, ते यामुळे.

योग्य पद्धत कोणती?

खरे काम आणि त्याची तपासणी, दोन्ही एका वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवावीत. बटण, मेनू, शॉर्टकट की आणि स्कॅनर या सगळ्यांनी तेच फंक्शन वापरावे. मग वाट कोणतीही असो, ‘वजन भरले का’ हा प्रश्न चुकत नाही. बटणाची स्वतःची वागणूक तपासायची असेल, तेव्हाच त्याला कोडमधून दाबावे.

गैरवापर होऊ शकतो का?

होऊ शकतो, म्हणूनच बंधने आहेत. 2007 साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून, कमी अधिकाराचा प्रोग्रॅम जास्त अधिकाराच्या प्रोग्रॅमला असे क्लिक पाठवू शकत नाही. ‘या ॲपला बदल करू द्यायचे का?’ ही खिडकी नेहमीच्या सेटिंगमध्ये वेगळ्या सुरक्षित स्क्रीनवर येते, म्हणजे साधा प्रोग्रॅम तिथले ‘होय’ परस्पर दाबू शकत नाही. मॅकवर अशा ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी आधी द्यावी लागते.

पण परवानगी आपणच दिली, तर हा अडसर राहत नाही. फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरचा ताबा देणारे ॲप घेतले, तर त्याने दाबलेले बटण आणि आपण दाबलेले बटण यांत समोरच्या सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा फरक कळत नाही.