साफसफाई कुणाची? झाडी, कायदा आणि लपून भेटणारी माणसं

१८७१ साली ब्रिटिश साम्राज्यात दोन कायदे झाले. लंडनमध्ये ‘हॅम्पस्टेड हीथ अ‍ॅक्ट’ आला. शहराच्या उत्तरेकडचं माळरान आणि झाडी बिल्डर-जमीनदारांच्या हातून वाचवून ती लोकांसाठी कायमची खुली ठेवायची, असं या कायद्यानं ठरवलं. त्याच वर्षी हिंदुस्थानात ‘क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट’ लागू झाला. आपल्याकडे तो जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा म्हणून माहीत आहे. पारधी आणि इतर भटक्या समूहांनी त्याचे घाव पिढ्यान्‌पिढ्या सोसले. याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. बाईचे कपडे घालून सार्वजनिक जागी दिसणं, नाचणं, गाणं हा त्यात गुन्हा होता.

एकाच राज्यसत्तेनं एकाच वर्षी आपल्या घरच्या लोकांना मोकळी झाडी दिली आणि इथल्या काही माणसांना मोकळ्या जागेतून हाकललं. मला हा योगायोग वाटत नाही. सार्वजनिक जागा कुणाची आणि तिथून ‘साफ’ कुणाला करायचं, हा प्रश्न दोन्ही कायद्यांच्या मुळाशी आहे.

पुढे याच हीथचा पश्चिमेकडचा झाडीचा भाग समलिंगी पुरुषांच्या रात्रीच्या भेटीगाठींसाठी ओळखला जाऊ लागला. इंग्रजीत याला ‘क्रूझिंग’ म्हणतात. अनोळखी माणसानं अनोळखी माणसाला नजरेनं ओळखायचं, भेटायचं आणि अनेकदा नावही न सांगता निघून जायचं. इंग्लंडमध्ये १९६७पर्यंत दोन पुरुषांचे संबंध बंद दाराआडही गुन्हा होते. घरी आई-वडील किंवा बायको-मुलं, भाड्याच्या खोलीत घरमालक, हॉटेलात पोलिसांची भीती. मग उरते ती झाडी. तिथे जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना दुसरी जागाच नव्हती.

अशा झाडीत सकाळी कचरा सापडतो. निरोधची पाकिटं, कागदी रुमाल, रिकाम्या बाटल्या. हा कचरा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. सकाळी तिथे मुलं खेळतात, म्हातारी माणसं फिरतात, पक्षी घरटी बांधतात. म्हणून पाश्चात्त्य देशांत काही ठिकाणी स्वयंसेवक हातमोजे घालून, चिमटे आणि पिशव्या घेऊन ही झाडी साफ करतात. त्यांच्यात कधी परिसरातले रहिवासी असतात, तर कधी तिथे जाणारे पुरुषही. या साध्या कामामागे मोठा इतिहास आहे.

तो समजून घ्यायला जरा आपल्याकडे येऊ. जव्हार तालुक्यातल्या जामसरसारख्या गावाला जंगल ही सहलीची जागा नाही. वारली, कोकणा, कोळी महादेव, कातकरी यांच्यासाठी ते सरपण, औषध, मोहाची फुलं, गुरांचा चारा आणि देवाचं ठाणं आहे. मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानाला वेढून इंग्रजांचा ठाणे जिल्हा होता. १८६५ आणि १८७८च्या वनकायद्यांनी ब्रिटिश मुलखातलं जंगल ‘राखीव’ झालं आणि त्यात राहणारा माणूस एका रात्रीत घुसखोर ठरला. ठाणे-कुलाबा भागातून इतक्या तक्रारी झाल्या की १८८०च्या दशकात सरकारला ‘बॉम्बे फॉरेस्ट कमिशन’ नेमावं लागलं. आदिवासीच्या हातात कोयता दिसला की तो ‘जंगलाची नासाडी करणारा’, आणि ठेकेदार हजारो झाडं तोडून नेतो तो ‘व्यापार’. ‘जंगल वाचवा’ म्हणताना ‘या माणसांपासून वाचवा’ असं म्हणायची सवय तेव्हापासूनची आहे. वनात राहणाऱ्यांचे हक्क कायद्यानं मान्य व्हायला २००६ साल उजाडलं.

याच काळात दुसरा कायदा आला होता. मेकॉलेच्या १८३७च्या मसुद्यातून निघालेली भारतीय दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली. तिचं कलम ३७७ ‘निसर्गाच्या नियमाविरुद्ध’ संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगत होतं. आपल्याकडे अनेकांना वाटतं की हा कायदा आपल्या संस्कृतीचा आहे, आणि काही मुस्लिमांना वाटतं की तो आपल्या दीनचा आहे. तो दोन्ही नव्हता. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८५८ साली, खिलाफतीची गादी असलेल्या उस्मानी साम्राज्यानं नवी दंडसंहिता आणली. प्रौढांच्या राजीखुशीच्या समलिंगी संबंधांना त्यात गुन्हा म्हटलेलं नव्हतं. उलेमांचं मत बदललं होतं, असं मी म्हणत नाही. गुनाह आणि गुन्हा यात फरक असतो, एवढं त्या राज्यकर्त्यांनी मान्य केलं होतं. गुनाहचा हिशेब अल्लाहकडे होतो. गुन्ह्यासाठी पोलीस घरात शिरतो.

आता न्यूयॉर्ककडे जाऊ. जून १९६९. क्वीन्स भागातल्या क्यू गार्डन्स वस्तीजवळ एका बागेत रात्री समलिंगी पुरुष भेटत. रहिवाशांनी टोळी केली. टॉर्च घेऊन ते रोज रात्री बागेत शिरत, माणसांच्या तोंडावर उजेड पाडून त्यांना हुसकावत. तेवढ्यानं भागलं नाही, तेव्हा झाडंच तोडण्यात आली. आडोसा गेला की माणसं जातील, हा हिशेब. कुणीतरी पोलिसांना कळवलं, पण झाडं वाचली नाहीत. बाग ‘साफ’ करायला निघालेल्यांनी बागच मारली. याच महिन्याच्या अखेरीस स्टोनवॉल इथं दंगल झाली. ती जगाच्या इतिहासात गेली, क्वीन्सची झाडं मात्र बहुतेक ठिकाणी तळटीपच राहिली.

मला या प्रसंगातला पुढचा भाग मोलाचा वाटतो. मॅटाशीन सोसायटी या समलिंगींच्या संघटनेनं पुन्हा झाडं लावण्यासाठी पैसे जमवायला घेतले. ज्यांना बागेची घाण म्हटलं गेलं, ते बागेच्या झाडांसाठी वर्गणी काढत होते. यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचत नाही. ‘ही जागा आमचीही आहे’ हे भाषणात सांगता येतं, पण खड्डा खणून रोप लावलं की ते वेगळ्या ताकदीनं सांगितलं जातं.

आपल्या देशातला असा प्रसंग लखनौचा आहे. ७ जुलै २००१ रोजी पोलिसांनी तिथल्या एका बागेतून काही पुरुषांना पकडलं आणि त्यावरून ‘भरोसा ट्रस्ट’ आणि ‘नाझ फाउंडेशन इंटरनॅशनल’ यांच्या कार्यालयांवर छापे घातले. ही माणसं एचआयव्ही रोखण्याचं काम करत होती. ज्या बागांत पुरुष लपून भेटतात तिथे जायचं, निरोध द्यायचे, आजाराची माहिती सांगायची, एवढंच त्यांचं काम. पण जनजागृतीचं साहित्य ‘अश्लील’ ठरलं. कलम ३७७ आणि कटाचं कलमही लागलं. ‘भरोसा’चे संस्थापक आरिफ जाफर आणि त्यांचे सहकारी ४७ दिवस तुरुंगात राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीत ३७७विरुद्ध याचिका दाखल झाली. २००९ला उच्च न्यायालयात जिंकली, २०१३ला सर्वोच्च न्यायालयात हरली. आरिफ जाफर स्वतः याचिकाकर्ते म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं प्रौढांच्या संमतीनं होणाऱ्या संबंधांना गुन्ह्याच्या यादीतून काढलं. या लढाईत एका मुस्लिम माणसानं तुरुंगाची किंमत मोजली, हे आपल्या मोहल्ल्यांत कितीजणांना माहीत आहे?

मुंबईत १९९०मध्ये अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केलं आणि १९९४मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. महापालिकेनं त्याला वाकोल्यात जागा दिली. या संस्थेचे कार्यकर्ते बागा, स्टेशनं अशा ठिकाणी फिरून आरोग्याचं काम करू लागले. एकाच देशात, काही वर्षांच्या अंतरानं, एका शहरानं या कामाला छप्पर दिलं आणि दुसऱ्यानं कोठडी. कायदा दोन्हीकडे तोच होता. फरक होता तो बघण्याचा. एकाला समोर रोगाचा धोका असलेला नागरिक दिसला, दुसऱ्याला घाण दिसली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. सार्वजनिक जागेत उघड शरीरसंबंध हा तेव्हाही गुन्हा होता आणि २०१८नंतरही आहे. निकाल खासगी आयुष्याबद्दलचा आहे. बागेतल्या मुलाबाळांचा हक्क मी कमी लेखत नाही. पण खासगी जागा ज्याला मिळतच नाही, त्याला ‘घरी जा’ म्हणणं सोपं असतं. एका खोलीत सहाजण राहणाऱ्या आपल्या वस्त्यांना हे वेगळं सांगायला नको. नवरा-बायकोलाही जिथे एकांत मिळत नाही, म्हणून चौपाटीचे खडक जोडप्यांनी भरतात, त्या शहरात एकांत ही पैशानं मिळणारी चीज आहे.

दीनची आठवण काढायची तर दोन गोष्टी आठवतात. ईमानच्या सत्तराहून अधिक शाखा सांगितल्या आहेत आणि त्यातली सर्वात छोटी म्हणजे वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं. ती कुणी टाकली याची चौकशी करून मग उचला, असं तिथे म्हटलेलं नाही. दुसरी, तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या झाकलेल्या गोष्टी उकरत फिरणं. कुरआननं त्याची मनाई केली आहे. पहिली गोष्ट हातात पिशवी द्यायला सांगते, दुसरी हातातला टॉर्च काढून घेते. क्वीन्सच्या टोळीनं नेमकं उलटं केलं होतं.

हे मी एवढ्या तपशिलानं का लिहितो? कारण ‘घाण’ हा शब्द आपल्यालाही नवा नाही. आपल्या मोहल्ल्यांबद्दल, आपल्या खाण्याबद्दल तो ऐकतच आपण मोठे झालो. दलित वस्त्यांनी तो हजारो वर्षं ऐकला, आणि शहराचा कचरा उचलायची सक्ती पुन्हा त्यांच्यावरच झाली. कचऱ्याबद्दल बोलता बोलता बोट माणसाकडे कधी वळतं, हे ज्यांच्याकडे ते वळलेलं आहे त्यांना पटकन कळतं. मग ते दुसऱ्या कुणाकडे वळत असताना आपण गप्प बसायचं का?

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५मध्ये अफरोज शाह या वकिलानं एका वयस्कर शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. आठवडे, महिने, वर्षं. हजारो माणसं जोडली गेली आणि २०१८च्या मार्चमध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. या मोहिमेत झोपडपट्टीतल्या माणसांना किनाऱ्यावरून हटवायचं नव्हतं, तर त्यांना सोबत घ्यायचं होतं. साफसफाई तिथे टिकली ती म्हणूनच.

आज जव्हारच्या बाजूला पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्या येतात. धबधब्यांभोवती दारूच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोलच्या प्लेटा राहतात. तो कचरा कुण्या लपून भेटणाऱ्यानं टाकलेला नसतो. उजळ माथ्यानं, कुटुंबकबिल्यासह आलेल्यांनी टाकलेला असतो. पण त्यावरून ‘शहरी मध्यमवर्गाला जंगलात बंदी करा’ असं कुणी म्हणत नाही. तिथे आपण पाटी लावतो, कचरापेटी ठेवतो, सोमवारी गावातली पोरं पिशव्या भरतात. प्रतिष्ठित माणसाचा कचरा हा कचराच असतो. बदनाम माणसाचा कचरा मात्र त्याच्या चारित्र्याचा पुरावा ठरतो. जामसरच्या झाडीत, लखनौच्या बागेत आणि क्वीन्समध्ये नियम एकच असावा. पिशवीत कचरा भरावा, आणि माणसाला माणसांत मोजावं.