संघम रेडिओ
तेलंगणातील झहीराबादजवळ दलित शेतकरी स्त्रियांनी चालवलेले सामुदायिक रेडिओ केंद्र. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. तो देणाऱ्यांपैकी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्याच हस्ते १५ ऑक्टोबर २००८ रोजी केंद्राचे उद्घाटन झाले. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या स्वयंसेवी संस्थेच्या महिला संघांनी घरचे बियाणे, भरडधान्ये आणि मिश्रपिके जपली. तेच ज्ञान स्त्रिया आपल्या बोलीत प्रसारित करतात. बियाणे कंपनीच्या जाहिरातीत शेतकरीण केवळ ग्राहक असते, इथे ती जाणकार ठरते. लहानशा टापूतल्या आवाजाने बाजार हलत नाही, हा आक्षेप अपुरा आहे. कारण कोणते बियाणे राखायचे हे घरातच ठरते आणि तिथे शेजारणीच्या अनुभवाला वजन असते. सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास असलेली मनाई हा या आवाजापुढचा खरा अडसर आहे. ती उठवायलाच हवी.