विद्येची मागणी : नालछ्याच्या इतिहासातील एक सूत्र

धारहून मांडवास जाणाऱ्या वाटेवर नालछा हे गाव लागते. मांडवच्या महालांच्या ओढीने निघालेला प्रवासी येथे सहसा थांबत नाही. आणि इतिहासाच्या पुस्तकांतही बाजबहादूर व रूपमती यांच्या कथेपुढे या गावाच्या वाट्यास चार ओळींपलीकडे काही येत नाही. तथापि शिक्षणाच्या इतिहासाकडे ज्यांचे लक्ष आहे त्यांनी या गावापाशी अवश्य थांबावे. विद्या कोणाच्या बळावर टिकते, राजाच्या की गृहस्थाच्या, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. त्याचे एक उत्तर नालछ्याने तेराव्या शतकातच देऊन ठेविले आहे.

त्या काळी या गावाचे नाव नलकच्छपूर असे होते. पंडित आशाधर हे मूळचे मंडलगढचे. शहाबुद्दीन घोरीच्या स्वाऱ्यांमुळे तो मुलूख असुरक्षित झाला, तेव्हा हे जैन कुटुंब परमारांच्या आश्रयास धारानगरीत आले. तेथे पंडित महावीर यांच्यापाशी आशाधरांनी व्याकरण व न्याय यांचे अध्ययन केले. धारेत तेव्हा विद्येला राजाश्रय होता, मान होता. असे असूनही अर्जुनवर्म्याच्या राजवटीत ते धारा सोडून नलकच्छपुरी येऊन राहिले. ते गाव श्रावकांनी गजबजलेले होते आणि धर्माचा उदय तेथे अधिक होईल, असे कारण त्यांच्या प्रशस्तीत दिले आहे. राजधानीचा विद्वान खेड्यात गेला, कारण त्याचा श्रोता तेथे होता.

पुढील ग्रंथरचना याच गावी, नेमिनाथाच्या चैत्यालयात झाली. ‘जिनयज्ञकल्प’ वि. सं. १२८५ मध्ये (इ. स. १२२८), ‘त्रिषष्टिस्मृतिशास्त्र’ १२९२ मध्ये, ‘सागारधर्मामृता’वरील टीका १२९६ मध्ये आणि ‘अनगारधर्मामृता’वरील टीका १३०० मध्ये (इ. स. १२४३) पुरी झाली. याच सुमारास दिल्लीच्या अल्तमशाच्या फौजा भेलसा व उज्जयिनीपर्यंत येऊन गेल्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या अखंड उद्योगाचे मोल कळते.

परंतु ग्रंथांच्या नावांपेक्षाही त्यांच्या शेवटच्या प्रशस्तींत आपल्या विषयाचे खरे मर्म आहे. ग्रंथ कोणाच्या विनंतीवरून रचिला, हे आशाधर तेथे सांगतात. ‘सागारधर्मामृता’ची टीका महीचंद्र नामक गृहस्थाच्या प्रार्थनेवरून झाली; ‘अनगारधर्मामृता’च्या टीकेसाठी धनचंद्र व हरदेव यांनी आग्रह केला. ग्रंथाची पहिली प्रत कोणी लिहिली किंवा लिहविली, याचीही नोंद काही ठिकाणी आहे. ‘अध्यात्मरहस्य’ हा ग्रंथ तर वडिलांच्या आज्ञेवरून रचिला, असे ते म्हणतात. विद्या मागणाऱ्यांची ही नावे विद्या देणाऱ्याच्या नावाबरोबर सातशे-आठशे वर्षे टिकली आहेत. मूळ श्लोक गृहस्थांना कठीण वाटले, त्यांनी तसे सांगितले, आणि पंडिताने आपल्याच ग्रंथावर टीका लिहिली. शिकणाऱ्याने अडचण सांगावी आणि शिकविणाऱ्याने ती शिरसावंद्य मानावी, यापरते शाळा आणि समाज यांचे नाते आणखी कोणते असावयाचे?

‘सागार’ म्हणजे घर असलेला, गृहस्थ. या ग्रंथात गृहस्थाने पत्नीला धर्माचे उत्तम ज्ञान करून द्यावे, पुत्राला आचारात आपल्याप्रमाणे निष्णात करावे आणि कुमार्गापासून त्याचे रक्षण करावे, असे सांगितले आहे. गुरूकडे मूल धाडले म्हणजे पित्याचे काम संपले, असे आशाधर मानीत नाहीत.

याच्या शेजारी धारेचे चित्र ठेवून पाहावे. आशाधरांच्या शिष्यांत बालसरस्वती मदन हा कवी होता. तोच पुढे अर्जुनवर्म्याचा राजगुरू झाला आणि त्याने ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका लिहिली. राजाने ती शिळेवर कोरविली. चार अंकांपैकी दोन अंकांची शिळा, कमाल मौला मशीद व भोजशाळा या दोन्ही नावांनी ओळखल्या जाणाऱ्या धारच्या वास्तूत १९०३ मध्ये उजेडात आली. त्या शोधाचे श्रेय धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे अधिकारी काशीनाथ कृष्ण लेले यांच्याकडे जाते. सर्पाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि क्रियापदांचे प्रत्यय बसविलेले शिलालेखही त्याच वास्तूत आहेत. एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या हातून माळव्याच्या जुन्या विद्येचा असा उद्धार व्हावा, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. मात्र दोन्हींतील फरकही पाहिला पाहिजे. राजाने शिळेवर कोरविलेल्या नाटिकेचे दोन अंक हरपले. गृहस्थांनी मागून घेतलेले ग्रंथ प्रतीमागून प्रती होऊन अभ्यासकांच्या हाती आले.

परमार गेले, मांडवचे सुलतान गेले, मोगल आले आणि गेले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारेस पवारांची व देवासास पवारांच्याच थोरल्या व धाकट्या पातीची सत्ता स्थिर झाली. पेंढाऱ्यांच्या धामधुमीनंतर १८१९ मध्ये धारचा इंग्रजांशी तह झाला. त्याच सुमारास सर जॉन माल्कम नालछ्याच्या एका जुन्या पडक्या महालात उन्हाळ्याचा मुक्काम करीत असे. एवढ्या अराजकानंतरही माळव्यात शंभरेक घरांच्या गावी एखादी प्राथमिक शाळा असेच, असे एकोणिसाव्या शतकातील शिक्षणविषयक लेखनात नमूद आहे. ही शाळा सरकारने काढलेली नव्हती. आपल्याकडील गावठी शाळेप्रमाणे तीही पालकांनीच पोसलेली असे. पंतोजीला कोणी धान्य द्यावे, कोणी सणाला शिधा द्यावा, कोणी ओसरी मोकळी करून द्यावी. आणि त्याने धूळपाटीवर अक्षर गिरवून घ्यावे, पावकी-निमकी पाठ करून घ्यावी. मूल काय शिकले, हे घरच्यांना संध्याकाळच्या परवच्यावरून कळे.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचा दोष मात्र झाकून चालणार नाही. जो पोशी त्याचीच शाळा, हा तिचा नियम. वाण्याचा मुलगा शिके, कुळकर्ण्याचा शिके; मुली, शूद्रातिशूद्र आणि डोंगरातील भिल्ल यांना तिचे दार बंद असे. मागणी करण्याचा अधिकारच ज्यांना नाही त्यांच्यासाठी कोणी मागावयाचे? जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढून हा प्रश्न प्रथम ऐरणीवर आणिला. पुढे भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि मुष्टिफंडाची कल्पना रूढ केली. दळणाच्या वेळी घरच्या बाईने मूठभर धान्य बाजूस काढावे आणि त्यावर वसतिगृहातील मुले जेवावीत, अशी ती योजना. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, हे सर्वश्रुत आहे. मूठभर धान्याने वसतिगृहाचा खर्च किती भागला, हा हिशेब गौण आहे. ज्या घरात अक्षर नव्हते त्या घराला त्या मुठीने शाळेवर हक्क दिला, हे महत्त्वाचे.

तथापि ज्यांच्या घरी मूठभर धान्यही शिलकीस राहत नाही, त्यांचे काय? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ मध्ये आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे प्रयोग केले, त्यांत याचे उत्तर आहे. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने पाड्यावरील अंगणात जावे. गुरे वळणाऱ्या मुलासाठी कुरणात जावे. अंगणवाडी व कुरणशाळा हे शब्द याच प्रयोगांनी आपल्याला दिले. आई अंगणातच असल्याने तिला सभेचे निमंत्रण देण्याची गरज उरली नाही.

आता पुन्हा नालछ्याकडे वळू. हा विकासखंड आज भिल्ल व भिलाला वस्तीचा आहे. घरे विखुरलेली, फळ्या दूरदूर. मध्यप्रदेश शासनाने १ जानेवारी १९९७ रोजी शिक्षण हमी योजना सुरू केली, ती अशाच वस्त्यांसाठी. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि आदिवासी भागात २५, अन्यत्र ४० मुलांच्या पालकांनी मागणी केली, तर ९० दिवसांत शिक्षक देण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले. स्थानिक तरुण ‘गुरुजी’ म्हणून नेमले जात. काही वर्षांतच अशा शाळांची संख्या राज्यभरात वीस हजारांवर गेली. ज्यांनी आजवर काही मागितले नव्हते त्यांनी कागदावर अंगठे उमटवून शाळा मागितली, ही घटना माळव्याच्या इतिहासात लहान नव्हे. परंतु गुरुजींचे मानधन आरंभी महिना ५०० रुपये होते आणि गरिबाच्या वस्तीला कमी प्रतीची शाळा दिली, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो अगदीच निराधार नव्हता. समाजाने मागणी केली म्हणजे शासन आपल्या भारातून मोकळे झाले, असा अर्थ कोणी काढू नये.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या मागणीला कायमचे स्थान दिले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या या कायद्याच्या २१ व्या कलमान्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. व्यवस्था उत्तम आहे. परंतु कायद्याने खुर्ची मिळते, आवाज मिळतोच असे नाही. धार जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे हंगामात मजुरीसाठी गुजरातेत, निमाडात वा अन्यत्र जातात. ज्या दिवशी सभा असते त्या दिवशी सभासद दुसऱ्याच्या शेतात असतो. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी जी हंगामी वसतिगृहे चालतात, त्यांत मूल आजीआजोबांकडे किंवा नातलगांकडे गावातच राहते आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था शाळेची समिती पाहते. समितीला करण्याजोगे काम मिळाले म्हणजे ती कागदावर राहत नाही, हा त्यातील बोध माळव्यानेही घेण्याजोगा आहे.

शेवटी एक गोष्ट विशेषतः आपणा मराठी शिक्षकांसाठी. धार, देवास व इंदूर येथील मराठी घरांना घरची बोली आणि शाळेची भाषा यांतील अंतर पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. १९४८ मध्ये संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये मध्यप्रदेश झाला. शाळेची भाषा हिंदी, घरची मराठी. या मुलखात मराठी टिकली ती आजीच्या गोष्टींनी, घरातल्या वाचनाने, गणेशोत्सवाच्या नाटकांनी. म्हणजे घराने शाळेचे अर्धे काम अंगावर घेतले म्हणून. मग भिली बोलणारे मूल हिंदी पुस्तकापुढे गप्प बसते, त्याचे मौन आपल्यावाचून अधिक कोणी ओळखावे? बालकाला शक्यतो मातृभाषेतून शिकवावे, असे त्याच २००९ च्या कायद्याच्या २९ व्या कलमात म्हटले आहे. आपल्या मराठीसाठी आपण जे मागतो तेच भिल्लाच्या बोलीसाठी मागितल्यावाचून आपल्या मागणीला नैतिक बळ येणार नाही.

शाळेच्या दप्तरात विद्यार्थ्यांची नावे असतात, शिक्षकांची असतात, देणगीदारांची तर संगमरवरावर असतात. ज्या आईबापांनी शाळा मागितली त्यांची नावे मात्र कोठेच नसतात. नलकच्छपूरच्या पंडिताने ती आपल्या ग्रंथाच्या अखेरीस आदराने लिहिली. पालकांना सभेस बोलाविणारी सूचना पाठविण्याआधी आपण तेवढा आदर त्यांना दिला, तर सूचना पाठविण्याचे प्रसंग आपोआप कमी होतील.